टिक कोणती, सवय कोणती, आणि माझं कुठे चुकलं

ज्यांचं एसटीत नेटवर्क जातं, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अर्धवट राहिलेली दोन-चार वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी जसंच्या तसं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.टेक. केलेला, दिवसभर कोडमधल्या चुका शोधणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण आजचा विषय माझ्या मानेत आणि घशात वीस वर्षांपासून राहतो, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचा. आमचं गाव शहीदांचं. १६ ऑगस्ट १९४२ ला लोकांनी इथल्या पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला आणि गोळीबार झाला. त्यामुळे शहीदांना श्रद्धांजली हा आमच्या शाळेत फार मनापासूनचा कार्यक्रम. मी सहावीत होतो. सगळी शाळा मैदानात उभी, दोन मिनिटं मौन. आणि माझ्या घशातून आवाज निघाला. खाकरल्यासारखा, छोटा. मी ओठ दाबले. दहा सेकंद गेले. पुन्हा निघाला. मग तिसऱ्यांदा, जोरात. मागून कोणीतरी हसलं. कार्यक्रम संपल्यावर एका सरांनी मला पुढे बोलावून विचारलं, "शहीदांची मस्करी करतो का रे?"

मी काहीच बोललो नाही. कारण मलाही वाटत होतं की हे मीच करतोय, म्हणजे चूक माझीच आहे.

त्या आवाजाला 'टिक' म्हणतात हे मला इंजिनिअरिंगला असताना, नागपूरच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं. आणि टिकसारखं दिसणारं सगळंच टिक नसतं, हे कळलं यंदाच्या दिवाळीनंतर, भाच्यामुळे. तिथे माझा अंदाज चुकला. तोच किस्सा सांगायला हा भाग केलाय. पण आधी पाया पक्का करू.

टिक म्हणजे नेमकं काय?

अचानक होणारी, झटकन संपणारी, पुन्हा पुन्हा येणारी हालचाल किंवा आवाज. तिला ठरलेला ताल नसतो. पंख्यासारखी एका लयीत चालत नाही. एकदा येते, थांबते, मग लागोपाठ चारदा येते.

बऱ्याच जणांना टिक येण्याआधी त्या जागी काहीतरी जाणवतं. मला घशात काटा अडकल्यासारखं होतं. कोणाला मानेत ताण, कोणाला डोळ्यांत चुरचुर. टिक केली की क्षणभर मोकळं वाटतं, मग ते परत भरून येतं. शिंक आठवा. किंवा डास चावल्यावरची खाज. तुम्ही हात थोडा वेळ रोखू शकता की नाही? शकता. पण म्हणून ती खाज तुम्ही मुद्दाम आणली असं कोणी म्हणतं का?

सगळी गल्लत इथेच होते. टिक थोडा वेळ दाबता येते, म्हणून लोकांना ती नाटक वाटते. आमचे भाऊजी हेच म्हणाले होते: "माह्यासमोर बरोबर थांबते थो. म्हंजे नाटकच ना!" नाही. पोरगं तुमच्या धाकानं सगळी ताकद लावून थांबवतंय. त्या वेळात त्याचं लक्ष ना अभ्यासात असतं, ना तुमच्या बोलण्यात. मी पेपरमध्ये तीन तास आवाज दाबायचो आणि घरी आल्यावर पलंगावर बसून अर्धा तास नुसता खाकरत राहायचो. आई म्हणायची, "काऊन रे, पेपर कठीण होता का?"

आणखी एक खूण. टिक्स कमी-जास्त होतात आणि जागा बदलतात. सहा महिने डोळे, मग डोळे शांत आणि मान सुरू. दमल्यावर, ताणात, अगदी आनंदाच्या उत्साहातही वाढतात. एखाद्या कामात मन पूर्ण लागलं की कमी होतात. मी कॅरमचा स्ट्रायकर धरला की घसा गप्प, आजही.

पहिला प्रश्न: हालचाल की आवाज? दुसरा प्रश्न: साधी की गुंतागुंतीची?

या दोन प्रश्नांनी चार कप्पे तयार होतात. कोणतीही टिक यातल्या एका कप्प्यात बसते.

पहिला कप्पा, साधी हालचाल. एखाद-दुसरा स्नायू, क्षणभराचं काम. डोळे मिचकावणं, नाक आक्रसणं, मानेला झटका, खांदा उडवणं. बहुतेक मुलांत सुरुवात इथूनच, चेहऱ्यावरून होते. साधारण चार ते सहा वर्षांच्या वयात.

दुसरा, गुंतागुंतीची हालचाल. जास्त वेळ चालणारी, हेतू असल्यासारखी दिसणारी. चालता चालता उडी मारणं, वाकून जमिनीला हात लावणं, समोरच्याच्या हालचालीची नक्कल होणं. नक्कल 'होणं' म्हणतोय, 'करणं' नाही.

तिसरा, साधा आवाज. घसा खाकरणं, नाक ओढणं, हुंकार, बारीक किंचाळी. नाक ओढण्यात कंठाचा संबंध नाही, तरी ती आवाजाचीच टिक धरतात, कारण हवा जाऊन आवाज होतो. गंमत म्हणजे ही मुलं आधी महिनोनमहिने सर्दी-खोकल्याची औषधं पितात. मी तर खडीसाखर आणि लवंग किती चघळली याचा हिशोब नाही.

चौथा, गुंतागुंतीचा आवाज. शब्द किंवा वाक्याचा तुकडा मध्येच निघणं, स्वतःचाच शेवटचा शब्द परत परत येणं, दुसऱ्याचं बोलणं तोंडून परत निघणं. आणि हो, तोंडातून शिवी निघणं. रील्समध्ये हेच दाखवतात, म्हणून लोकांना वाटतं टूरेट म्हणजे शिव्या. प्रत्यक्षात टूरेट असलेल्या दहा जणांत एखाद-दुसऱ्यालाच हे होतं.

'हिचकी' बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २०१८ चा, राणी मुखर्जीचा. मुंबईच्या शाळेतली नैना माथूर टीचर. तो सिनेमा अमेरिकेतले शिक्षक ब्रॅड कोहेन यांच्या पुस्तकावर बेतलेला आहे आणि कोहेन यांना खरोखर टूरेट आहे. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा लक्ष द्या: तिच्या तोंडून आवाज निघतो आणि सोबत मानेला झटकाही बसतो. म्हणजे दोन्ही प्रकार आहेत. हे का महत्त्वाचं, ते आता येतं.

तिसरा प्रश्न: किती दिवसांपासून?

शाळकरी वयात टिक येऊन जाणं अजिबात दुर्मीळ नाही. पुष्कळ पोरांना काही महिने डोळे मिचकावायची टिक लागते आणि आपोआप जाते. म्हणून डॉक्टर कॅलेंडर पाहतात.

पहिली टिक दिसून एक वर्ष झालं नसेल, तर तो तात्पुरता टिक विकार.

एक वर्षाहून जास्त झालं, पण फक्त हालचाली आहेत किंवा फक्त आवाज आहेत, तर तो दीर्घकाळचा टिक विकार.

एक वर्षाहून जास्त, हालचालीच्या किमान दोन टिक्स आणि आवाजाची किमान एक, तर टूरेट सिंड्रोम. या सगळ्या एकाच वेळी असायला हव्यात असं नाही. वेगवेगळ्या काळात येऊन गेल्या तरी धरतात. तिन्ही प्रकारांत सुरुवात वयाच्या १८ वर्षांच्या आत झालेली असावी लागते.

टूरेट हे माणसाचं नाव. जॉर्ज जिल द ला टूरेट या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांचे गुरू शार्को यांनी या आजाराला शिष्याचं नाव दिलं.

म्हणजे टूरेट हा काही वेगळा, भयंकर राक्षस नाही. त्याच टिक्स, फक्त दोन्ही प्रकारच्या आणि जास्त काळ टिकलेल्या. रक्त तपासून किंवा स्कॅन काढून तो 'सापडत' नाही. डॉक्टर नीट विचारतात, बघतात आणि ठरवतात. दुसऱ्या आजाराची शंका असेल तरच तपासण्या सांगतात.

टिकसारखं दिसतं, पण टिक नाही

आता अवघड भाग. मी जमेल तितका सोपा करतो.

डोळ्यांची ॲलर्जी किंवा चष्म्याचा नंबर. पोरगं डोळे मिचकावतं, पण चोळतंही, डोळे लाल होतात, पाणी येतं. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन येणं शहाणपणाचं. तिथे सगळं ठीक निघालं तर मात्र थेंबांच्या बाटल्या बदलत बसू नका.

एकाच पद्धतीची लयबद्ध हालचाल. आनंद झाला की हात पाखरासारखे फडफडवणं, बसल्या जागी डोलणं. हे बहुतेक तीन वर्षांच्या आधीच सुरू होतं, वर्षानुवर्षं तसंच राहतं, जागा बदलत नाही. पोराला त्यात मजा येते, आधी कसला ताण जाणवत नाही. हाक मारली की बऱ्याचदा थांबतं.

फिट. एका प्रकारच्या फिटमध्ये मूल पडत नाही. काही सेकंद नुसतं शून्यात बघतं, पापण्या फडफडतात, मग जणू काही झालंच नाही असं पुढे सुरू. फरक हा की त्या सेकंदांत मूल 'नसतं'. हाक ऐकू येत नाही, बोलता बोलता वाक्य तुटतं. टिकमध्ये मूल पूर्ण शुद्धीवर असतं आणि तुम्ही काय म्हणालात ते सांगू शकतं. शंका आली तर थांबू नका, मेंदूचा आलेख काढावा लागतो.

संधिवाताच्या तापानंतरची हालचाल. घशाच्या जंतुसंसर्गानंतर काही मुलांना हा ताप येतो आणि मग हातपाय नाचल्यासारखे सतत, वेडेवाकडे हलतात. हातातली वस्तू पडते, अक्षर बिघडतं, पोरगं दाबून थांबवू शकत नाही. यात हृदयाच्या झडपांना धोका असतो, म्हणून हे लवकर ओळखणं फार गरजेचं.

एकाएकी, मोठेपणी सुरू झालेलं. तेरा-चौदा वर्षांच्या पुढे, आधी काहीच नसताना, एका दिवसात मोठमोठ्या हालचाली आणि लांब वाक्यं सुरू. करोनाच्या काळात बऱ्याच देशांतल्या डॉक्टरांना अशी मुलं-मुली, विशेषतः मुली, अचानक जास्त दिसू लागली. त्यातले बरेच जण टिक्सचे व्हिडिओ पाहणारे होते. हेही नाटक नव्हे, त्रास खराच असतो. पण वाट वेगळी, उपचारही वेगळे.

आणि शेवटचं, ज्यात मी फसलो.

दाराची चौकट

दिवाळीत ताई आर्वीहून आष्टीला आली. भाचा आठ वर्षांचा. डोळे मिचकावत होता, मानेला झटका देत होता. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण मला माझाच व्हिडिओ बघितल्यासारखं झालं. आणि खरं सांगू? पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघालं, "अरे, नको ना करू." मी! मग जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी ताईला सगळं समजावलं. हे टिक्स आहेत, रागावू नका, सारखं बोट दाखवू नका, दुर्लक्ष करा. भाऊजींनाही शिंकेचं उदाहरण दिलं. मला भारी वाटत होतं. वीस वर्षांपूर्वी माझ्यासाठी कोणी बोलायला हवं होतं, ते मी बोलत होतो.

भाचा आणखी एक गोष्ट करत होता. दारातून जाताना चौकटीला आधी उजवा हात, मग डावा हात लावायचा. ताईनं विचारलं, "हे पण तेच का?" मी म्हणालो, "हो गं ताई, गुंतागुंतीची हालचाल म्हणतात याला. दुर्लक्ष कर."

संक्रांतीला ताईचा फोन आला. मान जरा कमी झाली होती. पण चौकटीला आता दोनाचे चार आणि चाराचे आठ वेळा हात लागत होते. मध्ये कोणी बोललं की परत पहिल्यापासून. शाळेची वेळ चुकत होती. घरातले मी सांगितल्याप्रमाणे दुर्लक्ष करत होते.

नागपूरच्या डॉक्टरांनी भाच्याला बाजूला बसवून एकच प्रश्न विचारला, जो मी दोन महिन्यांत विचारला नव्हता: "नाही केलं तर काय होतं?"

मानेबद्दल तो म्हणाला, "मानीत कसंतरीच होते."

चौकटीबद्दल म्हणाला, "नाही लावला हात तं आईले काहीतरी होईन."

ताई तिथेच रडली.

फरक एवढाच आणि एवढा मोठा आहे. टिकच्या मागे शरीरातली जाणीव असते: काटा, ताण, चुरचुर. चौकटीच्या मागे विचार होता, भीती होती, आणि ती शमवायला केलेला विधी होता. त्याला सक्तीची कृती म्हणतात, तो ओसीडीचा भाग. टूरेट असलेल्या बऱ्याच मुलांना ओसीडी किंवा एडीएचडी सोबत असतं, आणि पुष्कळदा टिकपेक्षा त्याचाच त्रास जास्त असतो. दोघांमधली रेघ नेहमी इतकी स्वच्छ नसते. काही जण म्हणतात, "भीती नाही, पण बरोबर वाटेपर्यंत करावं लागतं." ते कुठल्या बाजूचं, हे डॉक्टरच ठरवतील.

पण वेगळं ओळखणं का गरजेचं? कारण माझा सल्ला टिकसाठी बरोबर होता आणि चौकटीसाठी चूक. टिकवर बोट न ठेवणं हे उपकारक. पण आठ वर्षांचं पोरगं रोज आठ वेळा आपल्या आईचा जीव वाचवतंय आणि घरचे दुर्लक्ष करतायत, म्हणजे ते त्या भीतीत एकटं पडतं. ओसीडीच्या उपचारात त्या भीतीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवतात: हात न लावता दारातून जायचं आणि आईला काही होत नाही हे अनुभवायचं.

मग करायचं काय?

एक, रागावू नका, चिडवू नका, "थांब" म्हणू नका. पण पोराला "नाही केलं तर काय होतं?" हे शांतपणे, एकदा नक्की विचारा.

दोन, मोबाईल आहे ना हातात? डॉक्टरांसमोर पोरं टिक्स दाबतात. घरी, पोराला सांगून, अर्ध्या-एक मिनिटाचे दोन-तीन व्हिडिओ काढा. कधी सुरू झालं, कधी वाढतं, ते नोट्समध्ये लिहा. आमच्या भाषेत याला लॉग म्हणतात, लॉगशिवाय चूक सापडत नाही. आणि हे व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकायचे नाहीत. अजिबात नाही.

तीन, आधी बालरोगतज्ज्ञ, गरज पडली तर मेंदूविकार किंवा मानसोपचारतज्ज्ञ. आमच्याकडच्यांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय जिल्ह्यातच आहे, नागपूरला एम्स आहे. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलतात.

चार, प्रत्येक टिकला औषध लागत नाही. दुखत असेल, शाळा किंवा झोप बिघडत असेल, पोराला स्वतःला त्रास असेल तर उपचार. त्यात गोळ्यांशिवायचीही एक पद्धत आहे. टिक येण्याआधीची जाणीव ओळखायची आणि ती आली की टिकच्या उलट पडेल अशी साधी कृती करायची. घशासाठी मला नाकानं संथ श्वास शिकवला. २०१० मध्ये अमेरिकेत १२६ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही पद्धत शिकलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांत चांगली सुधारणा दिसली. नुसती माहिती आणि आधार मिळालेल्यांत पाचात एकाहूनही कमी. म्हणजे जादू नाही, पण उपयोग आहे. शिकवणारा तज्ज्ञ मात्र हवा. घरच्यांनी "दाब, दाब" म्हणणं म्हणजे ही पद्धत नव्हे.

पाच, शाळेत जाऊन वर्गशिक्षकांशी बोला. दोन मिनिटं पुरतात. ताई गेली होती. आता भाच्याला मध्येच बाहेर जाऊन यायची मुभा आहे.

आणि धीर धरा. टिक्स साधारण दहा-बारा वर्षांच्या वयात सगळ्यात जास्त असतात. पुढे बहुतेकांच्या कमी होतात, काहींच्या जवळजवळ जातात, माझ्यासारख्या काहींच्या थोड्या राहतात. २०२३ मध्ये ग्लास्टनबरीच्या स्टेजवर गायक लुईस कपाल्डीला टिक्समुळे गाता येईना, तेव्हा समोरच्या हजारो लोकांनी त्याचं गाणं पूर्ण केलं. तो व्हिडिओ पाहताना मला आमच्या शाळेचं मैदान आठवलं.

मी बरीच वर्षं ऑफिसच्या कॉलवर माइक म्यूट करून बसायचो. मागच्या वर्षी टीमला सांगून टाकलं, "घशातून आवाज येईल, सर्दी नाही, टिक आहे." एक जण म्हणाला, "बरं. तर ती फाइल पाठवतोस का?" बस्स, एवढंच झालं. या भागाच्या रेकॉर्डिंगमध्येही आवाज आले आहेत. यावेळी मी ते कापले नाहीत.

परवा भाच्यानं फोनवर विचारलं, "मामा, तुझं गेलं का?"

"नाही रे, कमी झालं."

"माह्यं चौकटीचं चारवर आलं," तो म्हणाला.

आठाचे चार. चालेल की. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या.